पाण्याच्या भांड्यातून न उठणारा बॉल पायथन

पेटीत डोकावलं की पाळलेला बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसलेला दिसतो. नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर. सकाळी तिथेच, संध्याकाळी तिथेच, दुसऱ्या दिवशीही तिथेच. काही जण ‘उकडत असेल, बसू दे’ म्हणून सोडून देतात. काही जण भांडंच उचलून ठेवतात. भांडं काढल्यावर त्याचं बसणं थांबतं, त्रास तसाच राहतो, आणि त्या त्रासावर त्याला सापडलेला एकमेव उतारा आपण काढून घेतलेला असतो. म्हणून आधीच सांगतो: भांडं काढू नका. आत बसलेल्या सापाला हलकेच उचला आणि भांड्यातलं पाणी बघा.

चार फूट बाय दोन फुटांच्या पेटीत सापाला जायला जागा किती असतात? एक गरम टोक, एक गार टोक, लपायला एखाद-दुसरा हाइड आणि पाण्याचं भांडं. गारवा, ओल आणि कडेने अंगाला टेकणारा आडोसा हे तिन्ही एकाच ठिकाणी फक्त भांड्यात मिळतं. साप तिथून हलत नाही म्हणजे या तिघांपैकी काहीतरी बाहेर कमी पडतंय, नाहीतर त्याच्या अंगावर असं काहीतरी आहे की ज्याचा जाच पाण्यात कमी होतो. कोणतं ते ओळखणं, एवढंच आपलं काम.

आधी नेहमीचं काय आणि वेगळं काय ते पाहू. कात टाकायच्या आधी काही तास पाण्यात बसणं, खाल्ल्यानंतर भांड्यात तोंड घालून बराच वेळ पिणं, पाण्यातच विष्ठा करणं, रात्री फिरताना भांड्यातून सरपटत जाणं, हे सगळं चालतं. कात जवळ नसताना एका बैठकीत बारा तासांच्या वर, किंवा सलग तीन दिवस रोज असं झालं, तर मी तपासणी सुरू करायला सांगतो.

आपल्याकडे ओढ्याला, विहिरीला दिवड सगळ्यांनीच पाहिलेला असतो, त्यामुळे सापाला पाणी आवडतंच असं मनात घट्ट बसलेलं असतं. दिवड पाण्यातच मासे-बेडूक धरतो, त्याची गोष्ट वेगळी. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ माळांवर तो दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात पडून असतो. बाहेर कोरडं असलं तरी बिळात ओल टिकून असते, म्हणून तो दमट हवेचा साप आहे. पाण्यात राहणारा मात्र नाही. केनियन सँड बोआ हा दुसरा पाळीव परदेशी साप तर आपल्या मांडुळाचा भाऊबंद, वाळूत पुरून घेणारा. तो भांड्यात बसलेला दिसला तर तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी तपासा. (मांडूळ, धामण, अजगर, दिवड किंवा कोणताही देशी साप घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. हा लेख अशा नोंदणीकृत परदेशी सापांपुरताच आहे.)

आता ते पाणी. भांडं खिडकीपाशी न्या आणि पाणी पांढऱ्या ताटलीत ओता. तळाशी खसखशीएवढे किंवा त्याहून बारीक काळे ठिपके दिसले, तर एखादा ठिपका किचन पेपरवर घेऊन बोटाने चिरडा. मातीचा किंवा नारळाच्या भुशाचा कण असेल तर तो तसाच राहील नाहीतर भुगा होईल. तांबूस-काळा डाग उमटला तर ते रक्त आहे, आणि तो ठिपका म्हणजे माइट, सापाचं रक्त पिणारा गोचिडासारखा बारीक जीव. मग सापाच्या अंगावरून ओला पांढरा टिश्यू मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने फिरवा आणि तोही बघा. तिसरी जागा डोकं. डोळ्याच्या कडेची खाच, ओठांवरचे उष्णता जाणणारे खड्डे आणि हनुवटीखालची मधली घडी, माइट पहिल्यांदा इथेच दडतात. डोळ्याच्या कडेला एखादा खवला फुगल्यासारखा दिसत असेल, तर त्याच्या मागे बहुधा एक बसलेला असतो. काळ्या किंवा गडद रंगाच्या सापावर माइट दिसत नाहीत, पण त्यांची विष्ठा पांढुरक्या पुडीसारखी खवल्यांवर दिसते. रांगोळीचा हात लागावा तशी.

सापांवरचा हा माइट म्हणजे ऑफिओनिसस नॅट्रिसिस. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जेमतेम सव्वा मिलीमीटरची. ती खवल्याखाली घुसून रक्त पिते, मग साप सोडून खाली उतरते आणि पेटीच्या अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. आयुष्यात साठ ते ऐंशी. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन ते तीन आठवडे पुरतात. उपाय फसतात ते इथेच. साप पाण्यात बसला की अंगावरचे बरेच माइट बुडून मरतात, उरलेले डोक्याकडे पळतात. माणूस सापाला अंघोळ घालतो, पाण्यात शंभर मेलेले बघतो आणि काम झालं असं समजतो. अंडी पेटीच्या सांध्यात, लाकडाच्या भेगेत, काचेच्या सरकपट्टीत सुखरूप असतात. पंधरा दिवसांनी साप पुन्हा भांड्यात.

त्यामुळे माइट सापडले की निम्मं काम पेटीवर करायचं. तळाचा सगळा थर पिशवीत बांधून थेट घराबाहेर. लाकूड, कॉर्क, नारळाच्या करवंट्या, खोटी रोपं सगळं बाहेर काढा. जे उकळत्या पाण्यात टिकेल ते उकळा, बाकीचं टाकून द्या. लाकडाचा मोह धरू नका. पेटी कडकडीत गरम पाणी आणि साबणाने, सांध्यांत जुना टूथब्रश घालून घासा. पन्नास अंशांच्या वर माइट क्षणात मरतात, म्हणून पाणी खरंच गरम हवं. फिनेल मात्र अजिबात नको. आपल्या घरात लादी पुसायला ते सहज हाताशी असतं, पण फिनॉलवर्गीय जंतुनाशकं सापांना विषारी आहेत. डासांचे स्प्रे, मुंग्यांची पावडर, डांबरगोळ्या यांनाही तोच नियम. मग तळाला फक्त पांढरा किचन पेपर, एक प्लॅस्टिकचा हाइड, एक भांडं. पेपर रोज बदला, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके किती दिसतात ते रोज मोजून लिहा. हा आकडा खाली येतोय की नाही, यावरूनच उपाय लागू पडतोय का ते कळतं. शेवटचा माइट दिसल्यानंतर किमान सहा आठवडे हा कागदी संसार मोडू नका.

औषध डॉक्टरांकडूनच. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा स्प्रे सापांवरही वापरला जातो, पण तो थेट फवारत नाहीत. कापडावर घेऊन पुसतात, डोळे आणि तोंड टाळून, आणि तोही डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिल्यावर. औषध लावण्याआधी सापाने भरपूर पाणी प्यायलेलं असावं, कारण आधीच सुकलेल्या सापाला विषबाधा लवकर होते. औषध ओलं असेपर्यंत भांडं बाहेर ठेवायचं, सुकलं की परत आत. भांडं काढायची परवानगी मी फक्त याच एका प्रसंगी देतो. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या औषधाचं प्रमाण फार नाजूक असतं आणि कासवांना ते मारक ठरतं. घरात कासव असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. खोलीत दुसरे साप असतील तर त्यांना माइट नाहीत असं गृहीत धरू नका, सगळ्यांच्या पेट्या एकाच दिवशी साफ करा. माइट नुसते रक्त पीत नाहीत, एका सापाचा संसर्ग दुसऱ्याला पोचवू शकतात.

पाणी स्वच्छ, टिश्यू स्वच्छ, डोळ्यांच्या कडा स्वच्छ असतील, तर दुसरा संशय उष्णतेचा. त्यासाठी पेटीवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर बघून उपयोग नाही. तो भिंतीचं तापमान सांगतो, साप भिंतीवर राहत नाही. प्रोब (वायरीच्या टोकाचा सेन्सर) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक गरम टोकाला तळाशी आणि एक गार टोकाला तळाशी. शिवाय इन्फ्रारेड गन असेल तर हाइडच्या आतली जमीन मोजा. गरम टोकाला ३१ ते ३३ अंश, गार टोकाला २४ ते २७ अंश हवेत. हीट मॅटवरचा (विजेवर तापणाऱ्या चटईवरचा) पृष्ठभाग ३५च्या वर दिसला तर तिचं तापमान ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट तपासा. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो, त्याचा प्रोब सापाने ढकलून मॅटवरून बाजूला सारलेला असतो. प्रोबला गार हवा लागते, तो मॅटला आणखी तापवत राहतो, आणि आकडा मात्र बत्तीसच दाखवतो. प्रोब जागेवरून हलणार नाही असा बाहेरून, मॅट आणि काचेच्या मधे पक्का बसवा. पेटीच्या आत चिकटपट्टी लावू नका. ती सुटली की सापाच्या अंगाला चिकटते आणि काढताना कातडी सोलते. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट तर चाळिशी सहज ओलांडते. अशा मॅटवर पडून पोट भाजलेला साप त्या आगीसाठीही पाण्यात बसतो, म्हणून त्याला उचललात की पोट बघा. लालसर पट्टे, फोड किंवा पांढरे पडलेले खवले दिसले तर थेट दवाखाना.

उन्हाळ्यात गोष्ट उलटी होते, कारण तेव्हा खोलीच तापलेली असते. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगावकडे दुपारी खोली ३८-४० अंशांवर जाते तेव्हा पेटीला गार टोक उरतच नाही, भांडं हेच गार टोक होतं. मॅट आणि दिवा दोन्ही बंद करा, पेटी पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीतून काढून तळमजल्याच्या फरशीवर ठेवा, आणि गोठवलेली पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला बाहेरून टेकवा. आत बर्फ नको, भांड्यात बर्फाचं पाणीही नको. साप तोंड उघडून मान वर करत असेल किंवा सैरावैरा काचेवर चढत असेल, तर उष्णता त्याला सोसण्यापलीकडे गेली आहे. त्याला गार खोलीत, साध्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यावर ठेवून डॉक्टरांना फोन करा.

तिसरं कारण हवेतली ओल, आणि इथे आपल्याकडचा भूगोल फार बोलतो. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, कातीच्या दिवसांत सत्तरच्या वर. विदर्भातल्या मे महिन्यात हवा वीस टक्क्यांखाली असते. पुण्यात फेब्रुवारी-मार्चला अंगाची कातडी ओढली जाते तेव्हा सापाचीही ओढली जाते. एसीची खोली बारमाही कोरडी. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की हाच प्रश्न येतो. उलट मुंबई-कोकणात जुलैला हवा नव्वदीत असताना साप पाण्यात बसला, तर आर्द्रतेचं कारण बाजूला ठेवून माइट आणि हाइडकडे बघा.

आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर खरं बोलतो का, ते घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतके पाण्याचे थेंब घाला, झाकण आणि हायग्रोमीटर एकाच हवाबंद पिशवीत ठेवून आठ-दहा तास थांबा. आकडा ७५ आला पाहिजे. ६८ आला तर तुमचं यंत्र सात टक्क्यांनी कमी दाखवतं, पुढे तेवढे मिळवून वाचा. सापाच्या नावाने चिंता करण्याआधी ही एक रात्र खर्च करा.

ओल वाढवायला पेटीत दिवसातून चारदा फवारणी करणं हा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा उपाय. तासाभरात आकडा परत खाली, आणि वरचा थर तेवढा ओला राहून सापाच्या पोटाला लागतो. त्याऐवजी तळाला पाच ते सात सेंटीमीटर कोको चिप्सचा (नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा) थर द्या आणि पाणी कोपऱ्यांतून ओता. चार बाय दोनच्या पेटीला एका वेळी अर्धा लिटरपर्यंत. पाणी तळाशी उतरतं, वरचा थर कोरडा राहतो, ओल खालून सावकाश वर येते. वर जाळी असेल तर तिचा तीन-चतुर्थांश भाग जाड प्लॅस्टिकने झाका, नाहीतर सगळी ओल तिथूनच निघून जाते. आणि एक दमट हाइड करा: आइस्क्रीमचा डबा, बाजूला सापाच्या जाडीच्या दीडपट भोक, कडा मेणबत्तीच्या आचेने गुळगुळीत केलेल्या, आत स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून घट्ट पिळलेलं. मुठीत दाबलं तर एकही थेंब पडू नये. कोरडेपणाने भांड्यात बसणारा साप बहुतेक वेळा दोन-तीन रात्रींत या डब्यात मुक्काम हलवतो. हाच डबा कातीलाही उपयोगी. डोळे निळसर-दुधी झाले की कात जवळ आली. ते परत स्वच्छ झाल्यावर साधारण चार ते सात दिवसांत कात पडते. कात तुकड्यांत पडली किंवा डोळ्यावरची टोपी (डोळा झाकणारा कातीचा पारदर्शक पापुद्रा) राहिली, तर कोरडेपणाचा तो पक्का पुरावा समजा. डोळ्यावरची टोपी चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढायला जाऊ नका. कोमट पाण्यात भिजवलेल्या टॉवेलमधून सापाला अर्धा तास सरपटू द्या, तेवढ्याने सुटली नाही तर पुढच्या कातीपर्यंत ओल वाढवा.

कित्येक दिवस कोरडा राहिलेला साप पाण्यासाठी काय करतो, याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या होतं. नागपंचमीला नाग दूध पितो म्हणत. त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असायचं, मग पुढ्यात जे द्रव येईल ते तो प्यायचा. तहानेने सुकलेल्या सापाच्या कातडीला चिमटा घेतला तर घडी तशीच राहते, तोंडातली लाळ चिकट होते, आणि विष्ठेबरोबर येणारा पांढरा खडूसारखा भाग पिवळा-केशरी आणि टणक येतो. असा साप भांड्यात बसला तर बसू द्या, त्याला पाणी हवंच आहे.

ही सगळी मोजमापं बरोबर आली तरी साप भांड्यात असेल, तर त्याला लपायला जागा पुरत नाही का ते बघा. माठाच्या खापरासारखा भलामोठा हाइड आपल्याला छान दिसतो, सापाला नाही. त्याला पाठीला आणि दोन्ही बाजूंना भिंत लागली पाहिजे. असे घट्ट हाइड दोन हवेत, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. एकच असेल तर त्याला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावं लागतं. यावर सोपी परीक्षा आहे: पाण्याच्या भांड्याच्या शेजारी त्याच आकाराचं रिकामं, कोरडं भांडं ठेवा आणि त्यावर अर्धवट झाकण टाका. साप दोन रात्रींत तिकडे गेला, तर त्याला ओल नको होती, भिंती हव्या होत्या.

जोडी लावलेली मादी अंडी भरायच्या काळात गारवा शोधते आणि भांड्याभोवती वेटोळं घालून किंवा भांड्यातच बसते. तिला बसू द्या. मलावरोध झालेला सापही बसतो. शेवटची विष्ठा कधी झाली आणि त्यानंतर किती उंदीर खाल्ले, याची नोंद असेल तर हे लगेच कळतं. शेपटीच्या वर पोट कडक फुगलेलं असेल तर कोमट पाण्यात एकदा बसवून बघता येतं: २८ ते ३० अंश, सापाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच पाणी, वीस मिनिटं, आणि पूर्ण वेळ तुम्ही समोर.

खूप वेळ पाण्यात राहण्याचं स्वतःचं नुकसान वेगळंच. पोटाचे खवले मऊ पडतात, मग कडांना तपकिरी-लाल होतात, त्यांच्याखाली पाणी साचतं. भांड्यात विष्ठा झालेली असेल तर हे दोन-तीन दिवसांतही सुरू होतं. म्हणून कारण शोधेपर्यंत पाणी दिवसातून दोनदा बदला. भांडं जड चिनी मातीचं घ्या, स्टीलचं उलटतं आणि सगळा थर भिजवतं. पाणी निम्म्यापर्यंतच भरा, कारण साप आत शिरला की तेवढंच काठाला येतं. ठेवायची जागा गार टोकाला. मॅटवर ठेवलेल्या भांड्यात पाणी कोमट होऊन लवकर घाण होतं. पिल्लांना उथळ, खडबडीत काठाचं भांडं.

नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज, उघडं तोंड, पोटावर फोड, दोन महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन कमी, यातलं काहीही दिसलं तर पेटीत आणखी काही दुरुस्त करत बसू नका. छातीचा संसर्ग असलेला अशक्त साप उथळ पाण्यातही बुडू शकतो, त्याच्या भांड्यात बोटभरच पाणी ठेवा आणि त्याच दिवशी निघा. डॉक्टरांकडे जाताना साप उशीच्या अभ्र्यात, अभ्रा हवेची भोकं असलेल्या टबमध्ये. बरोबर भांड्यातलं पाणी छोट्या बाटलीत, पुसलेला टिश्यू पिशवीत, शेवटची विष्ठा मिळाली तर तीही, आणि वहीतलं एक पान: किती तास पाण्यात, दिवसा की रात्री, दोन्ही टोकांचं तापमान, आर्द्रता, शेवटची कात, शेवटचं खाणं, वजन ग्रॅममध्ये.